कोरडा दिवस

नेरडीगोंड्याच्या अलीकडे, हायवेला लागून, सरकारी पैशानं चालणारं आमचं घर आहे. दारू सोडलेल्या आईबापांना इथं लेकरांसह राहायला खोली मिळते. मी स्वयंपाकाला आहे, म्हणून कोणाची भूक किती ते मला बरोबर ठाऊक. महिपत पाच महिने अर्ध्या भाकरीवर उठत होता.

बायको वारल्यावर तो दारूत बुडाला आणि त्याची नऊ वर्षांची हर्षाली आजोळी गेली. इथं आल्यापासून मात्र तो थेंबाला शिवला नाही. खोलीत दोन खाटा. एकीवर स्वतः झोपायचा, दुसरी रोज झटकून तिच्यावर चादर घालायचा. बोलायला कोणी नाही म्हणून माझ्याजवळ भांडी घासायला बसायचा, आणि तिथंही बोलायचा नाही. मला भारी राग यायचा त्याचा.

आखाडात तो लेकीला आणायला इंद्रवेल्लीकडच्या सासुरवाडीला गेला. त्या दिवशी नेमकी शेतातल्या म्हसोबाची पूजा. पळसाच्या द्रोणात मोहाची दारू ठेवायची आणि जावयानं तोंड लावल्याशिवाय नैवेद्य पुरा व्हायचा नाही, अशी त्या घरची रीत. सासू विठाबाई म्हणाली, "जावईबापू, देवाचं नाकारता, तं पोरगी कोनाच्या भरवशावर देऊ?" महिपतनं एक घोट घेतला आणि हर्षालीला घेऊन आला. त्या संध्याकाळी लेकीशेजारी बसून तो तीन भाकरी जेवला.

आमच्याकडे रोज सकाळी सगळ्यांनी अंगणात उभं राहून आपल्या तोंडानं सांगायचं, कालचा दिवस कोरडा गेला. तपासणी नाही, मशीन नाही. दुसऱ्या दिवशी महिपतची पाळी आली तेव्हा लेक त्याचं बोट धरून उभी होती. मी दारातून खुणावत होते, बोल मेल्या, गेला कोरडा म्हणून टाक एकदाचं.

"माहा नाही गेला कोरडा," तो म्हणाला.

नियमाप्रमाणे खोली सुटली. आता सहा महिने एकट्या पुरुषांच्या हॉलमध्ये राहायचं, मग पुन्हा अर्ज करायचा. सरकारनं भिंतींना पैसा दिला, अक्कल द्यायची राहून गेली, असं मी हे घर चालवणाऱ्या साहेबांच्या तोंडावर बोलले.

दुपारी मामा हर्षालीला न्यायला आला. "बाबा, आजीनंच तं देल्ली होती," ती म्हणाली.

"देल्ली तिनं. पेलो मी."

ती गेल्यावर मी खोली आवरायला गेले, तर तो दुसऱ्या खाटेवरची चादर घडी करून छातीशी धरून बसलेला.

"बाई, ही धुवाले नका नेऊ," तो म्हणाला. "एक रात झोपली ते हिच्यावर."