थेंब न गळणारी वाळूपेटी

लाकडाची कुठलीही वस्तू दिसली की आमच्या शेजारचे काका तिच्यावर बोटाच्या पेराने टकटक करतात, कान लावतात आणि निकाल देतात, "तरंगेल," नाहीतर "बुडेल." आमच्या जेवणाच्या टेबलाला पहिल्याच भेटीत त्यांनी "बुडेल, बाई," असं सांगून टाकलं. मी विद्यापीठात शिकवते म्हणून ते मला बाई म्हणतात. चंदीगडमध्ये टेबलावर तरंगायची वेळ कधी येणार, हे मी विचारलं नाही. अशा माणसांना काही विचारलं की तासभर उत्तर मिळतं, हे तुम्हालाही ठाऊक असेल.

काका देवगडचे. वडील होड्या बांधायचे. हे मात्र शिकून सरकारी कचेरीत चिकटले आणि तिथूनच निवृत्त झाले. काकू गेल्यावर मुलगी त्यांना इकडे घेऊन आली. ती मोहालीच्या नॉलेज सिटीत संशोधन करते आणि राहते आमच्या शेजारी. दोन्ही घरांच्या मागच्या अंगणांमध्ये एक बुटकं कुंपण, एवढंच काय ते अंतर.

तिची लेक तेव्हा चार वर्षांची होती. मराठी सगळं कळायचं, उत्तर हिंदीत. फोनवर ती आजोबांशी भरपूर बोलायची, पण हा उंच, जाड्या आवाजाचा माणूस खरोखर घरात राहायला आल्यावर आईच्या ओढणीमागे लपली. एका संध्याकाळी काकांच्या समोरच तिने विचारलं, "मम्मा, ये अंकल घर कब जाएँगे?"

काका हसले. मग मुलीला म्हणाले, "होळीपर्यंत बघतो, बाय. नातीच्या घरात मी पाहुणा म्हणून नाही राहणार." हे मला सांगताना ती रडली. काकूंशिवायच्या त्या बंद घरात बाबा एकटे कसे राहणार, या विचाराने तिची झोप उडाली होती.

दुसऱ्या दिवशी काका कुंपणापाशी हजर. "बाई, पोरीने समुद्र बघितला नाही, वाळू बघितली नाही. मग ती माझ्याशी बोलणार कशाबद्दल?" मला त्यातलं तर्कशास्त्र काही उमगलं नाही, पण त्यांच्या उत्साहाची लागण मात्र तिथल्या तिथे झाली. वाळूची पेटी बांधायची ठरली.

आम्ही माझ्या गाडीतून लाकूडबाजार गाठला. काका एकेका फळीला कान लावत चालले होते. दुकानदार सरदारजी कौतुकाने बघत म्हणाले, "बाऊजी, लकडी लेनी है या उसका चेकअप करना है?" शेवटी देवदार पास झाला. मग रोज हिवाळ्याच्या उन्हात रंधा चालायचा, अंगणभर देवदाराचा वास सुटायचा, आणि मी सकाळचा चहा कुंपणाशी उभ्यानेच प्यायला लागले. झाकण हवंच होतं, कारण सेक्टरमधली यच्चयावत मांजरं वाळूवर डोळा ठेवून होती. काकांनी ते दोन झडपांचं केलं. बिजागऱ्यांवर उघडून मागे टेकवलं की दोन्ही बाजूंना बसायला बाक तयार. सांध्यांत तेलात भिजवलेला कापूस छिन्नीने ठोकून बसवला, तळाला डांबर फासलं. नव्या होडीपुढे फोडतात तसा नारळसुद्धा फोडला.

नातीने खोबरं खाल्लं, वाळूत आईबरोबर खेळली, आणि काका जवळ आले तशी उठून आत गेली. होळी तोंडावर आली होती.

होळीच्या आदल्या दुपारी वाळूला ऊन लागावं म्हणून काकांनी झाकण उघडं टाकलं आणि जरा आडवे झाले. इकडच्या फाल्गुनाचा लहरी स्वभाव त्यांना ठाऊक नव्हता. आधी गारा पडल्या, मग धो धो पाऊस. थांबल्यावर आम्ही धावलो, तर वाळू बुडून वर चार बोटं पाणी, आणि एक थेंब बाहेर नाही. पाणी निघून जायला वाळूपेटीच्या तळाला भोकं ठेवावी लागतात. होडीवाल्याच्या मुलाला ते सुचणं शक्यच नव्हतं. मी तसं सांगितलं, तर मी शिवी दिल्यासारखे ते माझ्याकडे बघत राहिले.

"तळाला भोकं? माझ्या हाताने?"

तरी बिचारे गिरमिट घेऊन आले. तेवढ्यात नात अनवाणी पळत आली. तिने हातातली चप्पल पाण्यावर सोडली. चप्पल तरंगली आणि पोरगी आनंदाने किंचाळली. मग फळीचा तुकडा टाकला, तोही तरंगला. चमचा बुडाला. काका गुडघ्यांवर कधी बसले, गिरमिट चिखलात कधी पडलं, कुणाला कळलंच नाही. पोरीने वर न बघताच त्यांची बाही ओढली आणि लाटणं पुढे केलं, "अब ये. ये तैरेगा?" काकांनी लाटण्याला कान लावला. तिनेही लावला. खिडकीत उभी असलेली काकांची मुलगी डोळे पुसत हसत होती, आणि मीही काही कोरडी राहिले नाही.

भोकं पडली ती होळी उलटल्यावर, गिरमिटावर दोघांचे हात ठेवून. जायचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

या सुट्टीत मात्र अंगण सुनं आहे. पेटी झाकलेली आहे, मी चहा घरात बसून पिते आणि तो मुळीच गोड लागत नाही. काका देवगडला गेलेत. त्यांना सोडायला मी स्टेशनवर गेले होते. मुलगी मागून सामान आणत होती आणि नात काकांचं बोट धरून त्यांना गर्दीतून ओढत पुढे निघाली होती. वाटेत भेटेल त्याला ती थांबवत होती आणि सांगत होती, "ये मेरे आजोबा हैं. मैं इनको समुंदर दिखाने ले जा रही हूँ."