वाणात लुटलेली बेल

“या फोटोतल्या बायकांना ओळखता का?” आमच्या पुण्याच्या वकिलांनी विचारलं.

ओळखत होतो. भवानीनगरला आमच्या मालकांच्या, तात्यांच्या घरचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं ते. प्रत्येकीच्या हातात आमच्या वायरलेस डोअरबेलचा रिसीव्हर. दुसऱ्या रांगेत माझी बायको. कोपऱ्यात कॅमेऱ्यानं छापलेली तारीख.

“तुमचा अर्ज यानंतर तीन आठवड्यांनी गेलाय,” वकील म्हणाले.

बारामती एमआयडीसीत आमचं छोटं युनिट होतं. मी डिझाइन आणि प्लॅस्टिकचे साचे पाहायचो. वायरलेस बेलचे भाग दोन. दाराबाहेर बटण आणि घरात वाजणारा डबा, म्हणजे रिसीव्हर. आतलं सर्किट कुणालाही जमायचं. आम्हाला विकायचं होतं ते रूप. बाजारातले रिसीव्हर साबणाच्या डबीसारखे दिसायचे, हॉलच्या भिंतीवर कुणी लावेना. मी आमच्या रिसीव्हरला देवळीचा आकार दिला आणि स्पीकरची भोकं ठिपक्यांच्या रांगोळीसारखी मांडली. त्या ठिपक्यांपायी साचा चारदा दुरुस्त केला. सात महिने गेले.

अशा रूपाची सरकारकडे नोंदणी करता येते. मग तेच रूप दुसऱ्या कुणाला काढता येत नाही. मात्र अर्जाआधी ते बाहेर कुणी पाहिलेलं नसावं. मी नेहमीप्रमाणे यादी केली. पहिलंच कलम: अर्ज जाईपर्यंत एकही नग गेटबाहेर जाणार नाही. स्टोअरकीपर, वॉचमन, पॅकिंगच्या बायका, सगळ्यांच्या सह्या घेतल्या. तात्यांची घ्यावी हे सुचलंच नाही.

अर्ज कलकत्त्याच्या डिझाइन नोंदणी कार्यालयात गेला, नोंदणी झाली. वर्षभरात पुण्याच्या एका कंपनीनं तीच देवळी, तेच ठिपके बाजारात आणले. आम्ही नोटीस दिली. त्यांचं उत्तर म्हणजे हा फोटो.

बारामतीला परतल्यावर थेट तात्यांच्या केबिनमध्ये गेलो.

“तात्या, त्या संक्रांतीला नग कुणी नेले?”

“म्याच नेलं. चाळीस. दरसाल आमच्या मालकीणबाई स्टीलच्या वाट्या लुटत्यात. यंदा आपलाच माल लुटा म्हनलं. घरच्या बायकांत वाटलं, त्यात काय बिघडलं?”

“त्यातल्या एकीचा भाऊ त्या कंपनीत आहे.”

“मग आधी सांगायचं न्हाय व्हय?”

“यादी तुमच्या टेबलावर होती.”

“ती कामगारांची हाय म्हनलं.” तात्यांनी चष्मा काढला. “आन् सायेब, एक नग तुमच्या घरी बी आला की. तवा तुमी काय केलं?”

सेल घालून तो मीच भिंतीवर लावला होता. शेजाऱ्यांना बोलावून बटण दाबायला लावलं होतं. ठिपके कसे जमलेत, तेही दाखवलं होतं.





नोंदणी रद्द झाली. दिवाळीला बारामतीच्या दुकानांत माझा रिसीव्हर त्यांच्या नावानं लागला, आमच्यापेक्षा बऱ्या रंगात. आमची लाइन बंद पडली. जुळणी करणाऱ्या अकरा बायकांना कामावरून काढल्याचं मला सांगावं लागलं. तात्या त्या दिवशी आलेच नाहीत.

ज्यांच्यावर आपला संशय असतो, ते सह्या करून गप्प राहतात. गुपित फुटतं ते आपल्या मालाचं कौतुक असणाऱ्यांकडून.