नकार आणि शेंगाचटणी

सोलापुरात नवी पेठेत, एका कापड दुकानाच्या माडीवर माझ्या कादंबऱ्या प्रकाशकांना दाखवणाऱ्या एजंटांची एजन्सी आहे. जिल्ह्यातल्या लेखकांची हस्तलिखितं पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांकडं पोचवायचं हे काम त्यांच्या आजोबांनी सुरू केलं, आता ते करतात. आजोबांचा एक नियम त्यांनी अजून मोडलेला नाही. होकार फोनवर कळवायचा, नकार मात्र लेखकाच्या घरी जाऊन द्यायचा.

त्यामुळं मोहोळात आमच्या दारात ते दिसले की मी समजायचो, नकार आला. ते मात्र निवांत. चपला भिंतीकडेला नीट लावणार, बायकोला सांगणार, "वहिनी, चहा लई गोड नको." मग पाऊसपाणी, कांद्याचा भाव. दुसरा चहा संपला की पिशवीतून माझी कादंबरी निघायची, आणि तिच्यावर शेंगाचटणीचा पुडा.

"अहो, मेल करायचा की!" एकदा मी चिडून म्हणालो.

"सर, माणसानं वरीसभर बसून लिवलेलं असतंय. ते परत द्यायला आपण निदान एसटीत तरी बसावं की नको?"

जाताना चपला घालत विचारायचे, "मग, पुढचं कधी देताय?"

परवा त्यांचा फोन आला. "सर, घेतली की कादंबरी! अभिनंदन." एवढंच बोलून ठेवलासुद्धा.

मी नाचतच स्वयंपाकघरात गेलो. बायकोलाही आनंद झाला. मग भाकरी वाढता वाढता तिनं चटणीची रिकामी बरणी हातात घेतली.

"म्हणजे आता ते यायचे नाहीत का हो?"