जानेवारीतली सवत

जानेवारी लागला की माझ्या नवऱ्याचा जीव युरोपातल्या एका समुद्रकाठच्या गावात जाऊन बसतो. तिथं कित्येक वर्षांपासून बुद्धिबळाची मोठी स्पर्धा भरते आणि तिचा सगळा इतिहास ह्यांना तोंडपाठ. महायुद्धानंतर तिथं खाण्यापिण्याची टंचाई होती, म्हणून खेळाडूंना मेजवानीत साधं वटाण्याचं सूप वाढलं. ती प्रथा अजून चालू आहे, हे सांगताना ह्यांचे डोळे भरून येतात. आणि सांगतात कधी? तर इथं संभाजीनगरात मी फुलंब्रीच्या ताज्या वटाण्याचं, काळा मसाला घातलेलं कालवण वाढते तेव्हा. मोबाईलवर डाव बघत जेवतात आणि म्हणतात, "मीठ कमी आहे."

यंदा माझं डोकंच फिरलं. फोडणी नाही, मसाला नाही. नुसते वटाणे उकडून घोटले, मीठ टाकलं आणि वाटी समोर आदळली. "घ्या तुमचं सूप!"

ह्यांनी मोबाईल पालथा ठेवला. वाटी बोटानं पुसून खाल्ली.

"लई भारी झालंय," म्हणाले.

लग्न झाल्यापासून मी ज्या शब्दांची वाट बघत होते, ते त्या सवतीनं नेले.