टिटवीला वळसा

झाडांवर प्रेम करणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत आणि झाडांचा कंटाळा करणारीही दोन-चार पाहिली आहेत. परंतु झाडे जगवण्याचा पगार घेऊन, त्यांना वेळच्या वेळी पाणी घालून, ती जगू नयेत अशी मनोमन इच्छा करणारा, आणि या तिन्ही गोष्टी सारख्याच प्रामाणिकपणे करणारा माणूस मला आयुष्यात एकच भेटला. ते माझे घरमालक होते.

नव्वदच्या दशकाच्या आरंभी शिरूर तालुक्यात, निमोण्याच्या अलीकडच्या एका गावी, मी भूमितीचा शिक्षक म्हणून रुजू झालो आणि त्यांच्या घराची पुढची खोली मला राहायला मिळाली. ते वनखात्यात रोजंदारीवर वनमजूर होते. त्यांच्या वडिलांपर्यंत घरात मेंढरे होती. पुढे विहीर लागली, थोडी बागायत झाली आणि मेंढरे विकली गेली. मेंढरांमागे चालणाऱ्या माणसाची नजर मात्र विकता येत नसल्यामुळे ती घरातच राहिली होती. सारे गाव त्यांना मामा म्हणे, म्हणून मीही म्हणू लागलो. खोली दाखवताना त्यांनी मला एकच अट घातली : उत्तरेची खिडकी लावायची नाही. मी कारण विचारले.

"वर आढ्याला पिंगळ्याचं बिऱ्हाड हाय. त्यो तितनंच जातो-येतो. तुमच्या आधीपास्नं ऱ्हातोय."

"त्याच्याकडून भाडे घेता का?" असे मी थट्टेने विचारले. मामांनी प्रश्नाचा नीट विचार केला आणि म्हणाले, "उंदीर धरतोय की त्यो. तुम्ही काय धरताय?" पुढचे सगळे हिवाळे मी कानटोपी घालून उत्तरपत्रिका तपासल्या.

गावाच्या उत्तरेला पसरलेला माळ मामांच्या ताब्यात होता. 'ताब्यात' हा शब्द मी त्यांच्या मनाच्या स्थितीला अनुसरून वापरतो. कागदोपत्री तो खात्याचा होता आणि त्याच्या नावापुढे 'पडीक' असा शेरा होता. या शब्दाचा मामांना जेवढा राग येई, तेवढा शिवीचाही कोणाला आलेला मी पाहिलेला नाही. "पडीक म्हंजी? हितं दोनशे बिऱ्हाडं नांदत्यात, आन् पडीक?" ज्या जमिनीवर झाड नाही ती ओसाड, असे मानण्याची आपल्याकडे रीत आहे. मीही ती पाळत असे आणि मुलांच्या निबंधांत पाळायला लावत असे. माळ हे गवताचे रान आहे, झाडांचे अपुरे राहिलेले रान नव्हे, हे मला मामांनी शिकवले. चिंकाऱ्याला शत्रू लांबून दिसावा लागतो, म्हणून तो दाट झाडीत राहत नाही. चंडोल गवताच्या बुडाशी वाटीएवढे घर करतो. टिटवी तर घर म्हणून काही बांधतच नाही. चार खडे बाजूला सारून उघड्यावर अंडी घालते आणि ती खड्यांसारखीच दिसतात. "तिच्या घराला भिंत न्हाई, म्हून आपुनच भिंत व्हायचं," असे मामा म्हणत. व्यवहारात याचा अर्थ असा होता की ते माळावर कधीही सरळ चालत नसत. पाच मिनिटांच्या अंतराला त्यांना वीस मिनिटे लागत, आणि त्यांच्यामागे चालणाऱ्याला आपण एखाद्या अदृश्य गावाच्या गल्लीबोळांतून चाललो आहोत असे वाटे. लांडग्याचे नाव ते कधी घेत नसत. 'पाव्हणं' म्हणत, आणि तो दिसला की सायकलवरून उतरून उभे राहत. मीही उतरावे अशी त्यांची अपेक्षा असे. मी उतरत असे, त्याचे कारण मात्र आदर हे नव्हते.

मला टापटिपीची आवड आहे. मामांच्या तोंडी असलेली माहिती कोठेतरी नीट नोंदली जावी म्हणून मी त्यांना शाळेतले एक कोरे हजेरीपत्रक दिले आणि त्यांच्या सांगण्यावरून त्यात नावे लिहून दिली : लंगडी हरणी, मोठ्या शिंगाचा, शिंग मोडका, खोकडाची जोडी, ओढ्याचा ससा, आणि अखेरीस पाव्हणं. त्या दिवसापासून मामा रोज संध्याकाळी ओट्यावर बसून रेघ-फुलीने हजेरी भरू लागले. लंगडी हरणी एकदा सलग तीन दिवस गैरहजर लागली. चौथ्या दिवशी मामा धुतलेला सदरा घालून, पालकांना भेटायला निघावे तसे तिला शोधायला गेले, आणि परत आल्यावर त्यांनी मागचे तीनही दिवस खोडून त्यावर माझ्याकडून 'आजारी रजा' असे लिहून घेतले. मामी चुलीपाशी बसून हे सारे ऐकत. "सशाची हजेरी घ्या, खोकडाची घ्या," त्या म्हणत. "घरात कोण जेवलं, कोण न्हाई, ती वही कवा घालायची?" मामा शांतपणे म्हणत, "तुझी रोजच हजर लागतीया. लावायची काय त्यात?"

मामींच्या बोलण्यामागे एक जुनी चिंता होती. मामांना रोजंदारीवर अठरा वर्षे झाली होती. कायम करण्याची फाईल तालुक्याला गेली होती आणि नव्या साहेबांचा शेरा अनुकूल पडला तर त्या वर्षी काम होणार होते. न पडला तर मामांचे वय उलटून जाणार होते. नेमका त्याच उन्हाळ्यात हुकूम आला, की या माळावर वृक्षलागवड करावी. खड्डे वैशाखात तयार व्हावेत, ओळी सरळ असाव्यात आणि काम मामांच्या देखरेखीखाली व्हावे. साहेब स्वतः पाहणीला येणार होते.

मामांनी हुकूम माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. "पगार झाडाचा खातो, तवा झाडं लावणार," एवढेच ते म्हणाले. यापूर्वी माळाच्या कडेला खात्याने लावलेल्या रोपांनाही ते खांद्यावरून हंडे वाहून पाणी घालत. मुरमात ती रोपे तरीही मरत, आणि मामा संध्याकाळी "आज आनखी सात गेली," असे ज्या सुरात सांगत, त्या सुरात इतर लोक मुक्काम लांबवलेले पाहुणे गेल्याचे सांगतात.

आखणीचे काम त्यांनी माझ्याकडे सोपवले. मी शाळेच्या मैदानाची दोरी आणि चुन्याची फक्की घेतली, नववीचा वर्ग बरोबर घेतला आणि दोन सकाळींत माळावर अशा ओळी मारल्या की एका टोकाला उभे राहून पाहिले असता दुसऱ्या टोकापर्यंत एकच खूण दिसावी. शिक्षकाच्या आयुष्यात समाधानाचे क्षण मोजके असतात. तो त्यांपैकी एक होता. आठवड्याने खड्डे झाल्यावर मी पाहायला गेलो, तेव्हा माझी प्रत्येक ओळ जागोजाग पोट काढून बसली होती.

"मामा, हे काय झाले?"

"जरा सरकावलं. तितं चंडोल बसलाय, हितं टिटवी, आन् त्या अंगाला खोकडाचं बीळ."

"दोन बिंदूंना जोडणारा सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे सरळ रेषा, हे मी मुलांना शिकवतो."

"बराबर हाय गुर्जी," मामा म्हणाले. "मधी कुणाचं घर नसल तर."

मी त्यांना फाईलची आठवण करून दिली. अंडी फुटून पिले चालू लागेपर्यंत थांबून खड्डे पुन्हा सरळ करता येतील का, असेही विचारले. पाहणी आठ दिवसांवर होती. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजले आणि नकारार्थी मान हलवली. त्या संध्याकाळी मामी मामांचे ताट झाकून ठेवून आत निघून गेल्या.

साहेब आले. ते तरुण होते, बूट नवे होते आणि त्यांना घाई होती. जीपमधून उतरून ते पहिल्या ओळीच्या टोकाशी उभे राहिले. मामा टोपी हातात घेऊन बाजूला उभे होते. चुना माझ्या शाळेचा असल्यामुळे मीही होतो.

"ही आखणी कोणी केली?"

मामांनी तोंड उघडण्यापूर्वी मी म्हणालो, "मी केली."

"आपण?"

"शिक्षक आहे."

"काय शिकवता?"

"भूमिती," मी म्हणालो.

साहेबांनी पुन्हा एकदा ओळीकडे पाहिले, मग माझ्याकडे. "किती वर्षे शिकवता आहात?" मी सांगितले. तेव्हा त्या तालुक्यातल्या मुलांविषयी त्यांच्या मनात दया उत्पन्न झाल्याचे मला स्पष्ट दिसले. मी आयुष्यात फार थोडे खोटे बोललो आहे आणि त्यातले कोणतेही मला एवढे महाग पडलेले नाही.

ओळ नीट दिसावी म्हणून साहेब दोन पावले मागे सरकू लागले. डोक्यावर एक टिटवी मघापासून ओरडत घिरट्या घालत होती. मामा नेहमीच्या शांत आवाजात म्हणाले, "साहेब, उजवा पाय तसाच वर धरा."

आवाजातच असे काही होते, की साहेबांनी पाय तसाच धरला आणि तोल सावरण्यासाठी माझा खांदा धरला.

"आता खाली बघा."

साहेबांनी पाहिले. त्यांना खडे दिसले. मामांनी बोट केल्यावर, त्यांच्या बुटापासून वीतभर अंतरावर, चार खड्यांची चार अंडी झाली. साहेब एका पायावर उभे, त्यांचा भार माझ्या खांद्यावर, आणि वर टिटवी आम्हां तिघांनाही सारखेच बोल लावत होती. त्या अवस्थेत मामांनी कबुलीजबाब दिला.

"गुर्जी खोटं बोलत्यात, साहेब. त्यांनी सरळच आखलं हुतं. त्यांना वाकडं येतच न्हाई. खड्डं म्या सरकावलं."

"असे किती ठिकाणी?"

"एकतीस."

साहेबांनी पाय अलगद दुसरीकडे टेकवला. "तुमची फाईल माझ्याकडे आहे, ठाऊक आहे ना?"

"व्हय."

"मग?"

मामांनी टोपी झटकली आणि डोक्यावर घातली. "मग काय, साहेब. फाईल तुमच्याकडं हाय, अंडी माझ्याकडं हायती."

साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, हा माळ सपाट आहे ना?"

"सपाट आहे."

"कुठेतरी थोडा चढ-उतार असेलच."

"असेल," मी म्हणालो.

उतारावर एकाच उंचीने खड्डे घेत गेले की ओळ वाकडी होते. ती वाकडीच असावी लागते आणि तिला समतल आखणी म्हणतात. साहेबांनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून 'समतल आखणीनुसार काम समाधानकारक' असा शेरा लिहिला. निघताना ते जीपपर्यंत सरळ गेले नाहीत. मामांनी चालून दाखवले तसे, त्यांच्या पावलावर पाऊल ठेवून गेले.

आषाढात मामा कायम झाले. मामींनी गावभर पेढे वाटले आणि एक पेढा उत्तरेच्या खिडकीतही ठेवला, तो मी खाल्ला. तिसऱ्या आठवड्यात दुसरा कागद आला. रोजंदारीच्या माणसाची बदली होत नाही, कायम माणसाची होते, हा नियम आम्हां तिघांपैकी कोणाच्याही ध्यानात आला नव्हता. वडगाव रासाईपाशी भीमा ओलांडून दौंड तालुक्यात उतरले, की पुढे नदीकाठी खात्याची एक रोपवाटिका होती. तेथे रोपे वाढवण्याच्या कामावर मामांना रुजू व्हायचे होते. त्यांनी तक्रार केली नाही. जाताना ट्रंक टेम्पोत चढवली, मामींना पुढे बसवले आणि हजेरीपत्रक माझ्या हातात दिले. "शनवारी सकाळची शाळा सुटली की जात जावा," ते म्हणाले. "रोज न्हाई जमायचं तुम्हाला. आन् खिडकी..."

"लावणार नाही," मी म्हणालो.

आम्ही लावलेली रोपे पहिल्या पावसात हिरवी दिसली आणि तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत, दहा-बारा सोडून, मुरमात वाळून गेली. वाकड्या ओळींतले खड्डे हळूहळू बुजले आणि त्यांवर गवत आले. "आज आणखी सात गेली," असे मी एकदा शिक्षकांच्या खोलीत म्हणालो, तेव्हा मुख्याध्यापकांनी माझ्याकडे चमकून पाहिले. वृक्षारोपण समितीचा सचिव मीच होतो.

हजेरीपत्रक घेऊन मी वर्षातून दोन-तीनदा रोपवाटिकेत जात असे. एका वैशाखात गेलो तेव्हा लंगडी हरणी चाळीस दिवस दिसली नव्हती. मामांनी चष्मा लावून ती ओळ बोटाने अखेरपर्यंत वाचली. मामी चहा घेऊन आल्या आणि वहीकडे पाहून बाजूला बसल्या.

"नाव कमी करू का?" मी विचारले.

"नको. आसू द्या." वही मिटून ते म्हणाले, "रजा तरी कशाची लिवायची, पर. कोरंच ठेवा."

एस.टी.ची वेळ झाली म्हणून ते मला सडकेपर्यंत पोहोचवायला निघाले. दोन्ही बाजूंना काळ्या पिशव्यांतली हजारो रोपे मांडली होती, इतक्या काटेकोर ओळींत, की माझ्यातला भूमितीचा शिक्षक क्षणभर सुखावला. मग मधल्या वाफ्यात एके जागी ओळ वाकलेली दिसली. पिशव्या हातभर बाजूला सरकवलेल्या होत्या, आणि मधल्या उघड्या जमिनीवर टिटवी बसली होती. मामांनी माझा दंड धरला, आम्ही दोघे मागे फिरलो आणि सबंध रोपवाटिकेला वळसा घालून, विहिरीमागून सडकेवर आलो. एस.टी. नुकतीच गेली होती. तिची धूळ अजून खाली बसत होती.

"पाचला दुसरी हाय," मामा म्हणाले, आणि आम्ही दोघेही दगडावर बसलो.