दिवाळसणाचा अपडेट

पळसदरीच्या धरणाकडं जाणाऱ्या रस्त्याला मुंबईकरांचे जेवढे बंगले आहेत, त्या सगळ्यांचं गरम पाणी आमच्या शेजारच्या नवनाथच्या हातात आहे. पूर्वी तो साधा नळ बसवणारा होता. मग खोपोलीच्या हॉटेलात कुठल्याशा कंपनीनं त्याला दिवसभराचं शिक्षण दिलं, दुपारी पनीर खाऊ घातलं आणि संध्याकाळी प्रमाणपत्र हातात ठेवलं. ते त्यानं देव्हाऱ्याशेजारी टांगलंय. तेव्हापासून कुणी प्लंबर म्हटलं की त्याला ऐकू येत नाही.

त्याचं काम मोबाईलवर चालणारे गिझर बसवायचं. मालकानं मुंबईत गाडीत बसताना बोट लावायचं, पाणी इथं तापणार. एका बंगल्यात तर त्यानं फरशी तापवायचं यंत्र बसवलं. पळसदरीत! मे महिन्यात आमच्या अंगणात कुत्रंसुद्धा पाय उचलून चालतं, आणि ही माणसं फरशी तापवायला वीज जाळणार. मी तसं बोललो, तर नवनाथ म्हणाला, "विठू, तुला नाय कळायचं. तापणं येगळं, कंट्रोल येगळा."

मला खरंच नाही कळत. माझ्या पडवीत तांब्याचा बंब आहे. खाली लाकडं आणि करवंट्या घालायच्या, वर गार पाणी ओतायचं, तोटीतून कढत पाणी घ्यायचं. नवनाथकडंही त्याच्या वडलांचा असाच बंब होता. तो त्यानं एका बंगलेवाल्याला देऊन टाकला. त्यांनी घासूनपुसून दिवाणखान्यात ठेवलाय आणि त्यातून एक वेल सोडलाय. स्वतःच्या घरी नवनाथनं मोबाईलवाला गिझर लावला. माझा बंब पेटला की तो कुंपणापलीकडून मुद्दाम खोकायचा.

ह्या गिझरला अपडेट नावाचं एक पथ्य असतं. कंपनी अधूनमधून यंत्राच्या आतली अक्कल बदलते, वायफायवरून, आपोआप. तेवढा वेळ पाणी तापत नाही आणि मध्येच बंद केलं तर यंत्र कायमचं बसतं. बंगलेवाले 'नंतर' म्हणून ते पुढं ढकलतात. नवनाथला त्यांची कीव यायची. त्याच्या घरी सगळं आपोआप. अपडेट पहाटेच व्हायचा, कारण कंपनीच्या हिशेबानं पहाटे जगात कुणालाच गरम पाणी लागत नाही. दिवाळीतली पहिली आंघोळ कधी असते, हे त्या कंपनीला कुणी सांगितलं नव्हतं. नवनाथला ते जन्मापासून ठाऊक होतं, पण त्याच्याही डोक्यात आलं नाही.

ह्या वर्षी त्याच्या प्रियाचा पहिला दिवाळसण होता. जावई साईराज साजगावचा, कारखान्यात नोकरीला, अबोल पोरगा. लग्नातच नवनाथनं व्याह्यांना सांगून ठेवलं होतं, "आमच्याकडं जावयाला धुराचा वास पन येनार नाय." त्याची बायको सुनंदा त्याला एकच विनवत होती: जावयाची आंघोळ सूर्य उगवायच्या आत झाली पाहिजे. पहिला सण, त्यात काही उणं नको.

पहाटे साईराजला पाटावर बसवलं. सुनंदानं तेल चोळलं, उटणं लावलं, प्रियानं ओवाळलं. नवनाथनं ऐटीत मोबाईलवर बोट ठेवलं. गिझरच्या काचेवर अक्षरं आली: अपडेट सुरू आहे, बंद करू नका.

"होतंय, होतंय," नवनाथ म्हणाला.

होत काहीच नव्हतं. जावई उघडा, अंगाला उटणं, दात वाजतायत. सुनंदा म्हणाली, "अवो, मी ग्यासवर हंडा ठेवते."

"अजिबात नाय! जावयाच्या म्होरं हंड्यात पानी तापवायचं? मंग माजं काय ऱ्हायलं?"

कुंपणाच्या अलीकडं मला सगळं ऐकू येत होतं. खरं सांगतो, मला गुदगुल्या होत होत्या. मी बंबात दोन करवंट्या जास्तच टाकल्या.

डोंगरामागं फटफटायला लागलं तशी सुनंदाची सोसण्याची हद्द झाली. ती जावयाच्या खांद्यावर टॉवेल टाकून त्याला घेऊन कुंपणाच्या फटीतून थेट आमच्या पडवीत आली. "भाऊजी, पानी हाय का?" तिचा आवाज रडवेला होता, आणि माझं हसू तिथंच विरलं. मी तोटी सोडली. पहिला तांब्या अंगावर पडला तसा साईराजनं डोळे मिटून असा सुस्कारा सोडला की आमच्या हिनं आत देवाला हात जोडले. मग तुळशीपुढं त्यानं डाव्या पायाच्या अंगठ्यानं कारीट फोडलं. आणि मग ऊन आलं.

नवनाथ मात्र गिझरवर पहारा देत उभाच होता. थोड्या वेळानं तो ओरडतच धावत आला, "झाला! अपडेट झाला!" बघतो तर जावई नवे कपडे घालून आमच्या ओट्यावर चकली खातोय. नवनाथच्या हातातल्या मोबाईलवर नवा निरोप होता. प्रियानं तो मोठ्यानं वाचला: "आपल्या घरी पहाटे गरम पाण्याचा वापर शून्य आढळला. त्यामुळे यापुढे पहाटे यंत्र बंद राहील. वीज वाचवल्याबद्दल अभिनंदन."

कुणी हसलं नाही. नवनाथ खाली बसला. पोरीच्या पहिल्या सणाला जावयाला शेजाऱ्याच्या दारात न्हावं लागलं, ह्याची लाज त्याच्या तोंडावर सरळ दिसत होती. मला त्याचं फार वाईट वाटलं. एवढ्या धांदलीत त्याची स्वतःची आंघोळ राहिलीच होती, आणि बंबातला विस्तव विझत आला होता.

साईराजनं चकली खाली ठेवली. नव्या सदऱ्याच्या बाह्या वर केल्या, फुंकणी उचलली आणि बंबापुढं उकिडवा बसला.

"अरं जावाईबापू, तुमी कशाला?" मी म्हटलं. "सदरा काळा होईल."

"होऊ दे," तो म्हणाला. "मामा, या. पाटावर बसा."

नवनाथ गुमान उठला आणि पाटावर बसला. धूर सगळा त्याच्याकडं जात होता. तो एकदाही खोकला नाही.