ओढ्याकाठचा निळा माशीमार

रामूतात्यांच्या जाण्याने जंगल पोरकं झालं. शिराळ्याजवळच्या त्यांच्या गावी झालेल्या शोकसभेत तिघांनी हे वाक्य म्हटलं. त्यांतले दोघे जंगलात कधी गेले नव्हते. तिसरे गेले होते, पण डबा घेऊन. मी सांगलीहून गेलो होतो, मागे बसलो... आता महिना झाला, म्हणून लिहितो.

फौजेतून हवालदार होऊन परतल्यावर तात्या उसाकडे लक्ष देतील, असं घरच्यांना वाटलं होतं. त्यांनी लक्ष दिलं ते गावामागच्या ओढ्याकडे. तिथल्या बांबूच्या गर्दीत निळा माशीमार राहतो. चिमणीहून लहान, पाठ निळी, छाती नारिंगी. फांदीवरून झेपावून माशी टिपायची आणि परत फांदीवर. तात्यांच्या वहीत त्याच्या नोंदी पहारेकऱ्याच्या भाषेत असत : ‘सकाळी सहा दहा. निळे दोन. हालचाल संशयास्पद. बहुधा घरटे.’

पंचायतीला तो बांबू तोडून तिथे गाड्या लावायला जागा करायची होती. गावच्या जैवविविधता नोंदवहीत पक्ष्याचं नाव चढलं, तर बांबू वाचण्याची थोडी आशा होती. ग्रामसेवक म्हणाले, “फोटो आणा.” मी सांगलीहून एक छायाचित्रकार नेला. काठावरच्या कपारीत घरटं होतं. त्याने समोरच्या दोन फांद्या छाटायला सांगितल्या.

“न्हाई जमायचं,” तात्या म्हणाले.

“अहो तात्या, दोन फांद्यांपायी सगळा बांबू घालवाल!” मी म्हणालो.

“आवं सर, तुमच्या न्हाणीचं दार काढून कुनी फोटू मागितला, तर तुमी दिला असता व्हय?”

फोटो झाला नाही. मला तो हट्ट वाटला. परतताना मी त्यांच्याशी धड बोललोही नाही. पंधरवड्याने त्यांचा फोन आला : “तिन्ही पोरं उडाली, सर. आना आता तुमच्या फोटूवाल्याला.” तो आला नाही. लग्नसराई सुरू झाली होती. पुढच्या विणीपर्यंत थांबू म्हणालो... तात्या थांबले नाहीत.

शोकसभेत सरपंचांनी जाहीर केलं, तात्यांच्या स्मरणार्थ पक्ष्याची नोंद घेऊ, फोटो नको. गेल्या आठवड्यात मी जाऊन पंचायतीची नोंदवही पाहिली. बांबू अजून उभा आहे. नोंदही आहे, नाव शुद्ध लिहिलंय. शेवटच्या रकान्याचं शीर्षक ‘उपयोग’ असं आहे. तिथे, वरच्या ओळीतल्या अडुळशाप्रमाणेच, लिहिलंय : खोकल्यावर.